बाणाचं तोंड सायलेन्सरकडे

वर्धा जिल्ह्यात गर्दी जमवायची असेल तर मंडप टाकू नये, माइक लावू नये, वक्ता तर मुळीच बोलावू नये. रस्त्याच्या कडेला एका मोटरसायकलचं इंजिन खोलून ठेवावं. आर्वी नाका असो, हिंगणघाटचा बाजार असो की सेलूचं बसस्टँड, दहा मिनिटांत माणसं गोळा होतात, विसाव्या मिनिटाला त्यांच्यात दोन पक्ष पडतात आणि अर्ध्या तासात गाडीचा मालक तिसऱ्या रांगेत गेलेला असतो.

या गर्दीतली माणसं ठरलेली असतात. एक निवृत्त गुरुजी असतात. त्यांच्याकडे एके काळी लुना होती आणि तिचं इंजिन आपण कधीच उघडू दिलं नाही म्हणून ती टिकली, असं त्यांचं ठाम मत असतं. एक भाऊ असे असतात, की ज्यांचा साळा बुटीबोरीच्या कंपनीत लागलेला आहे. कंपनी खोक्यांची का असेना, यंत्राबद्दलचा शेवटचा शब्द त्या साळ्याचा. एक पोरगा मोबाइलवर इंजिन बांधायचा व्हिडिओ लावून उभा असतो. व्हिडिओ तमिळमधला, गाडी भलत्याच कंपनीची. आणि एक जण हमखास म्हणतो, "मी तं म्हन्तो इकून टाका न हे." त्याच्याकडे स्वतःची सायकलही नसते.

या सगळ्यांच्या मधोमध मिस्त्री उकिडवा बसलेला. तो बोलत नाही. स्वभावानं अबोल आहे म्हणून नव्हे. तोंडात खर्रा आहे म्हणून. आमच्याकडे मिस्त्रीचा अनुभव किती, हे तो खर्रा थुंकून किती वेळा बोलतो त्यावरून ओळखावं. नवशिक्या सारखा बोलतो. मुरलेला मिस्त्री दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, आणि त्यातलं एक चहाबद्दल असतं.

रोगाचं निदान धुरावरून होतं. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल पिते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त खाते. हे सगळ्या गर्दीला माहीत असतं, फक्त समोरचा धूर निळा की काळा यावर एकमत होत नाही. मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरतो, वास घेतो, खर्रा थुंकतो आणि म्हणतो, "रिंगा गेल्या."

मग मालकाचा आवाज तिसऱ्या रांगेतून येतो, "हाफमंधी भागन न?"

हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा. फुल इंजिन म्हणजे खालचं चेंबर फोडून क्रँक आणि कनेक्टिंग रॉडसकट सगळं. वर्ध्यात चहा आणि इंजिन दोन्ही हाफच मागतात. मिस्त्री हाफला हो म्हणतो, ब्लॉक उचलतो, कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवतो. रॉड वर-खाली 'टक' करून हलला की हाफचं फुल झालं, हे मालकाला कळतं. डावी-उजवीकडे थोडा सरकला तर चालतो, वर-खाली अजिबात चालत नाही. हे पाहायला तीन सेकंद लागतात आणि नेमके तेवढेच तीन सेकंद मालक डोळे मिटून घेतो.

पिस्टन काय चीज आहे, ते इथे सांगतो. शंभर सीसीची जी मोटरसायकल गावोगाव दुधाच्या कॅना, खताची पोती आणि नवरा-बायको-दोन लेकरं असं सगळं वाहते, तिचं बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 49.5. म्हणजे पिस्टनला जन्मभर पळायला पाच सेंटिमीटरही जागा नाही. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असेल तर तेवढ्या जागेत तो सेकंदाला शंभरदा वर जातो, शंभरदा खाली येतो आणि प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो. सरासरी काढली तर ताशी 35 किलोमीटरच्या वर वेग पडतो. आपण बजाज चौकातून पहिल्या गिअरवर गाडी बोंबलवत निघालो असू, तर आतला पिस्टन कुठेही न जाता आपल्यापेक्षा जोरात पळत असतो. बरं, पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये मोकळी जागा किती? मिलिमीटरच्या दोन-चार शतांश भागाची. डोक्याचा केस त्यात मावणार नाही. अशा ठिकाणी 'थोडंसं इकडंतिकडं' ही सोय नाही. आणि आमचा सगळा जिल्हा, खरं सांगायचं तर सगळा महाराष्ट्र, 'थोडंसं इकडंतिकडं' याच मापावर उभा आहे.

बोअर झिजलं की ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. पिस्टन मोठ्या मापाचे मिळतात, पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीनं: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. इथला साधा नियम असा, की आधी पिस्टन विकत घ्यावा, मग तो लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापानं बोअर करून घ्यावं. लोक उलटं करतात. बोअर पन्नासचं करून आणतात आणि मग दुकानात जातात. दुकानदाराकडे नेमका पन्नासचा संपलेला असतो. "पंचाहत्तरचा घेऊन जा न भाऊ, बसते," असं तो सांगतो. बसत नाही. मग ब्लॉक पुन्हा लेथवर, आणि त्या ब्लॉकच्या आयुष्यातलं एक बोअर फुकट गेलेलं. नागपूरहून पन्नासचा मागवला असता तर दुसऱ्या दिवशीच्या बसनं आला असता. पण दुसरा दिवस ही गोष्ट मालकाला मान्य नसते.

बोअर करून, वर होनिंग करून ब्लॉक आला, की त्याच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. ती मुद्दाम केलेली असते. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा तिथेच बसतात. मालक मात्र ब्लॉक उन्हाकडे धरून विचारतो, "नव्या कामावर ओरखडे काऊन पाडले?" गर्दी मान डोलावते. साळ्याला फोन लावायची भाषा होते. मिस्त्री उत्तर देत नाही. तो ब्लॉक गरम पाण्यानं आणि कपड्याच्या साबणानं धुतो, चांगला घासून, कारण होनिंगची बारीक खर नुसत्या पेट्रोलच्या फडक्यानं निघत नाही. मग लगेच ऑइल लावतो, नाहीतर तासाभरात गंज चढतो. जो मिस्त्री ब्लॉक साबणानं धुतो त्याच्याकडे डोळे मिटून गाडी द्यावी. मी तरी देतो.

आता रिंगा. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच ब्लॉकमध्ये टाकायची, जुन्या पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये किती फट उरते ते फिलर पट्टीनं मोजायचं. 50 च्या बोअरला मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत फट चालते. फट नसली तर रिंग तापली, की टोकाला टोक भिडतं आणि ती मोडते. फट जास्त असली तर नव्या कामावर जुनाच धूर. आमच्याकडे फिलर पट्टी प्रत्येक मिस्त्रीकडे असते, पण ती टॅपेटपुरती. रिंगेची फट बरेच जण ब्लॉक उजेडाकडे धरून पाहतात. "दिसते न उजेड? बस." तेवढ्यात ढग आला तर रिंग नापास.

वरच्या दोन रिंगांवर एका बाजूला बारीक अक्षर असतं. ती बाजू वर. दुसऱ्या रिंगेची कड तिरपी असते, ती खाली येताना भिंतीवरचं ऑइल खरवडून नेते. उलटी बसली तर तीच रिंग ऑइल ओढून वर पाठवते, आणि मग मालक महिनाभरानं येऊन विचारतो, की पैसे घेतले कशाचे. तिन्ही रिंगांची तोंडं एका ओळीत येऊ द्यायची नाहीत. तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर फिरवून ठेवायची. गर्दीतल्या गुरुजींना हे एकदम पटतं. एका बाकावरची तीन पोरं एकाच वेळी तोंड उघडू लागली, की वर्ग हाताबाहेर जातो, हे त्यांनी बत्तीस वर्षं पाहिलेलं असतं.

आणि मग येतो बाण.

पिस्टनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. महाराष्ट्रात बाण कुणाचा यावर निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन झालं; बाण कुणीकडे, हे विचारणारा मिस्त्रीच एकटा. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, म्हणजे धूर जातो त्या बाजूला. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोकवर बाणाऐवजी बहुधा 'इन' अशी अक्षरं असतात. ती कार्बोरेटरच्या बाजूला. ट्रॅक्टरच्या पिस्टनवरची खूण बहुतेक वेळा पुढे, रेडिएटरकडे. यावरून एका मुरलेल्या मिस्त्रीनं बांधलेलं सूत्र असं: "दुचाकीत सायलेन्सरकडं, ट्रॅक्टरात रेडिएटरकडं, अन् डाउट असन तं पुस्तकाकडं." पुस्तक कोणाकडेच नसतं. पण सूत्रात त्याचा मान ठेवलेला आहे.

बाण पाळायचा कशाला, असा प्रश्न गर्दीत एक जण विचारतोच. पिस्टन गोल, बोअर गोल, कसाही टाका. दिसायला गोल आहे, खरं. पण ज्या पिनेवर पिस्टन झुलतो त्या गजन पिनेचं भोक पिस्टनच्या नेमक्या मध्यावर नसतं. पुष्कळ इंजिनांत ते किंचित, मिलिमीटरभर, एका बाजूला सरकवलेलं असतं. स्फोट होतो तेव्हा कनेक्टिंग रॉड तिरपा असतो, म्हणून पिस्टन एका भिंतीवर रेटला जातो. वरच्या टोकाला दिशा बदलताना तो या भिंतीवरून त्या भिंतीवर धाडकन जाऊ नये, हळूच जावा, यासाठी ती मिलिमीटरची सोय. पिस्टन उलटा टाकला, की सकाळी थंड इंजिनातून 'टकटकटक' सुरू. वर वाल्व्हसाठी खळगे असतात, त्यात इनटेकचा वाल्व्ह मोठा म्हणून त्याचा खळगा मोठा. उलटा टाकला तर वाल्व्ह भलत्याच ठिकाणी टेकायचा. टू-स्ट्रोकमध्ये तर आणखी गंमत. तिथे रिंगेची टोकं एका इवल्याशा खिळ्यापाशी अडवलेली असतात, कारण ब्लॉकच्या भिंतीत पोर्टच्या खिडक्या असतात आणि रिंगेचं टोक त्या खिडकीत डोकावलं, की परत येत नाही. खिडकीतून डोकावायची हौस रिंगेला महागात पडते.

पिस्टन बसवण्यात सगळ्यात थरारक भाग मात्र बाणाचा नाही. तो आहे लॉकचा. गजन पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची छोटी कडी बसवतात, तिला मिस्त्री लॉक म्हणतात. ही कडी स्प्रिंगच्या तारेची. पकडीनं दाबून खाचेत बसवताना ती निसटली, की बंदुकीच्या गोळीच्या वेगानं जाते, आणि कुठे गेली हे कधीच कोणाला दिसत नाही. त्या क्षणी गर्दीचं रूप पाहण्यासारखं असतं. आतापर्यंत दोन पक्षांत विभागलेली माणसं एकदिलानं खाली वाकतात. कोणी चप्पल उलटी करून पाहतो, कोणी लोहचुंबक आणायला पळतो, आणि व्हिडिओवाला पोरगा पहिल्यांदाच मोबाइलचा योग्य उपयोग करतो; टॉर्च लावतो. "हालू नका कोनी!" हे मिस्त्रीचं त्या दिवसातलं दुसरं वाक्य.

शहाण्या मिस्त्रीनं आधीच चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलेलं असतं. फडकं नसलं आणि कडी आत पडली, तर हाफ इंजिन त्याच जागी फुल होतं. आणि ती सापडली तरी पुन्हा वापरायची नसते. लॉक दर वेळी नवं, आणि त्याची उघडी बाजू पिस्टनच्या खाचेशी न जुळवता वर किंवा खाली ठेवायची. जुन्या लॉकनं पैसे किती वाचतात? खर्ऱ्याच्या अर्ध्या पुडीएवढे. ते चालू इंजिनात निघालं तर पिन बाहेर सरकते आणि नव्या बोअरमध्ये वरपासून खालपर्यंत चर पाडते. मग ब्लॉक लेथवाल्याकडे. त्याचा धंदा या एका कडीवर बराच चालतो.

तसं पाहिलं तर इंजिनाशी आमच्या जिल्ह्याचं नातं अजबच आहे. 1909 साली 'हिंद स्वराज्य' लिहून यंत्रांवर कडाडलेले गांधीजी 1936 पासून वर्ध्याशेजारच्या सेवाग्रामात राहिले. त्या काळातली एक गोष्ट इथे सांगतात: जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून तिच्यातून माणसांची ने-आण व्हायची आणि तिला गमतीनं 'ऑक्सफर्ड' म्हणत. पिस्टन, रिंगा, लॉक, कशाचीच भानगड नाही. दोन बैल आणि पेंडीचा खर्च. त्याआधी 1929 साली चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं, तेव्हा किर्लोस्करांनी यंत्र करून पाठवलं. ते बक्षिसाला उतरलं नाही. किर्लोस्करांनी फार मनाला लावून घेतलं नसावं. पुढे त्यांच्या डिझेल इंजिनांनी विदर्भातल्या विहिरी उपसल्या.

आणि जमनालाल बजाज वर्ध्याचेच. शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं, त्या बच्छराजांच्या नावानं 1945 साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं, 1948 पासून ते बाहेरून आणलेल्या दुचाक्या-तीनचाक्या विकू लागलं आणि पुढे त्याचंच बजाज ऑटो झालं. 1972 ची चेतक त्यांचीच. तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले, आणि मिळाल्यावर सकाळी सकाळी तिला एका अंगावर कलती करून मग किक मारू लागले. बैल जोडलेल्या मोटारीपासून 145 सीसीच्या टू-स्ट्रोकपर्यंतचा हा प्रवास वर्ध्याच्या एकाच घराण्यातला. त्या चेतकचं बोअर 57 मिलिमीटर, स्ट्रोकही 57. खादीच्या धोतरात बाण सायलेन्सरकडे करून पिस्टन बसवणारे मिस्त्री एके काळी वर्ध्यात असणारच.

कनेक्टिंग रॉडकडे मुद्दाम उशिरा येतोय, कारण मोटरसायकलमध्ये त्याचं फार काही करता येत नाही. तिथे रॉड अखंड असतो, क्रँकच्या दोन पाट्यांमध्ये प्रेस केलेला. बदलायचा तर क्रँक प्रेसवाल्याकडे न्यायचा. पूर्वी रॉड उघड्यावर पाहायला मिळायचा. पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडीला कोळशाचं इंजिन होतं तेव्हा चाकांशेजारी तो ढांगा टाकत जाताना पोरं पाहायची. आता ती गाडीही नाही. रॉडचा खरा तमाशा पाहायचा तर मे महिन्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजात जावं.

मेच का? कारण मृग 7 जूनला लागतो. सात-आठ महिने धूर मारणारा ट्रॅक्टर मालकाला चालतो. वखरणी तोंडावर आली, की इंजिन आठवतं. मग पारा 45 च्या वर, टिनाच्या शेडखाली सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर, पाना उन्हात राहिला तर हाताला चटका, आणि प्रत्येक मालकाचं एकच म्हणणं, "माहं आधी कर न बा."

तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर. तीन पिस्टन, तीन रॉड. प्रत्येक रॉडचं खालचं टोक दोन तुकड्यांचं: अर्धा गोल रॉडवर, अर्धा गोल कॅपवर. क्रँक मध्ये घेऊन दोन बोल्टांनी बांधायचं. कारखान्यात कॅप रॉडवर आवळून मग एकदमच भोक पाडलेलं असतं, त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्याला लागत नाही. लागते म्हणजे, बोल्ट जातात. पण भोक गोल राहत नाही. नंतर बेअरिंग जळतं आणि वाईट दिवस असला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून रॉडवर आणि कॅपवर एकच नंबर ठोकलेला असतो आणि बेअरिंगच्या खाचा एका बाजूला याव्या लागतात.

एका गॅरेजात मी हे नाट्य जवळून पाहिलं. कामावरच्या पोरानं तिन्ही कॅपा काढून एकाच घमेल्यात टाकल्या आणि डिझेलनं मस्त धुऊन फडक्यावर ओळीनं मांडल्या. मिस्त्री पाणी प्यायला गेला होता. परत आला, पाहिलं आणि नुसता उभा राहिला. पोराला आपलं कौतुक होईल असं वाटत होतं.

"कोनती कोनाची?"

"साऱ्या सारख्याच हायेत न."

खर्रा थुंकला गेला. पुढची वाक्यं छापण्यासारखी नाहीत.

गर्दीनं लगेच काम हाती घेतलं. साळा बुटीबोरीत असलेल्या भाऊंनी मोठी, मधली, लहान अशा तीन कॅपा वेगळ्या काढल्या; तिन्ही एकाच मापाच्या होत्या. एक जण म्हणाला, ज्या रॉडशी जमते त्याला लावून पाहा. मी मनातल्या मनात हिशेब केला: तीन कॅपा तीन रॉडांना सहा प्रकारे लागतात, त्यात प्रत्येक सुलटी किंवा उलटी, म्हणजे आठ प्रकार, सहा आठे अठ्ठेचाळीस. बरोबर एकच. शेवटी ट्रॅक्टरचा मालक, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "आमच्या बैलायचंबी असंच हाय. डावा डावीकडंच जुपा लागते. उजवीकडं जुपला तं तासभर चालते, मंग जोत मोडते." तान्ह्या पोळ्यासाठी नाव असलेल्या सिंदी रेल्वेकडचा माणूस, जोडी म्हणजे काय ते त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

गुरुजींनी चष्मा पुसला, एक कॅप उचलली, कडेच्या काळ्या थरावर तारेचा ब्रश घासला आणि वाचून दाखवलं, "दोन." सगळ्या कॅपांवर नंबर होते. रॉडांवरही होते. कारखान्यातून ठोकूनच आले होते. तासभर जिल्ह्याच्या अकलेची बैठक चालली ती काजळीखालचं अक्षर न वाचल्यामुळे. गुरुजींनी त्या दिवशी लुनाचा विषय काढला तर सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

पुढचं काम मात्र बघण्यासारखं झालं. क्रँक घासून आणलेला, बेअरिंग त्याच अंडरसाइजचं. मिस्त्रीनं रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, म्हणजे रॉड खाली उतरताना क्रँकच्या आरशासारख्या भागावर ओरखडा जाऊ नये. लायनरला, रिंगांना, बेअरिंगला हात बुडवून ऑइल. रिंग दाबायचा पट्टा आवळला, पिस्टन वरून सोडला, खूण रेडिएटरकडे, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठक, ठक, ठक. मध्येच आवाज बदलला. मिस्त्री तिथेच थांबला. कुठलीशी रिंग पट्ट्याबाहेर आली होती. गर्दीतून "मार न जरासा जोरात" असा सल्ला आला. अशा एका जोरात ठोक्यात नवी रिंग मोडते, म्हणून त्यानं पिस्टन काढून पुन्हा पहिल्यापासून केलं. प्रत्येक कॅप आवळली, की क्रँक हातानं फिरवून पाहिला. फिरला, तर पुढची.

आवळण्याच्या बाबतीत मात्र वाद आहे. टॉर्क पाना गॅरेजात होता, खिळ्याला टांगलेला, त्यावर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू. रॉडचा बोल्ट किती आवळायचा याचा आकडा कंपनी देते, कारण ढिला राहिला तर निसटतो आणि जास्त ताणला तर आतून लांबतो आणि एक दिवस तुटतो. बहुतेक मिस्त्री म्हणतात, "हाताले समजते." वीस वर्षांच्या हाताला समजतही असेल. पण मे महिन्यात, दिवसातल्या चौथ्या ट्रॅक्टरवर, दुपारच्या तीन वाजता हाताला काय समजतं याबद्दल मला शंका आहे. या मिस्त्रीनं पाना खाली काढला, हळदकुंकू पुसलं आणि दोन टप्प्यांत आवळलं. मी त्याच्याविषयी आणखी काही लिहिणार नाही, नाहीतर जून लागायच्या आत त्याच्या दारात सगळा जिल्हा उभा राहील.

तुमची गाडी धूर मारत असेल तर एवढं करा. पिस्टन आधी घ्या, बोअर नंतर. काढलेले जुने भाग मागून घ्या. पिस्टन बसवायच्या वेळी तिथे हजर राहा, खूण कुणीकडे आहे ते डोळ्यांनी पाहा आणि मग तोंड बंद ठेवा. मिस्त्रीला घाई लावू नका. त्याच्यासाठी चहा सांगा, पण लॉक बसल्यावर. ट्रॅक्टर असेल तर मार्चमध्येच न्या. आणि इंजिन बांधून आल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडी हळू चालवा, एकट्यानं चालवा आणि मागायला कोणीही आलं तरी देऊ नका. साळ्याला तर नाहीच नाही, मग तो बुटीबोरीत असो की कुठेही.